वायटी: चित्र एका ओळीत, पण वेट_फील्डकडे बघा

एन्झो, फ्लॅश किंवा रॅमसेस या खगोलभौतिकीच्या सिम्युलेशन प्रोग्रॅमच्या आउटपुटमध्ये ग्रिडचे सेल (चौकटी) कुठे बारीक, कुठे मोठे. नुसत्या मॅटप्लॉटलिबने (पायथनची आलेख काढायची लायब्ररी) त्याचं चित्र काढायचं तर आधी ग्रिड जुळवत बसा. पायथनची वायटी ही मोफत लायब्ररी ती कटकट संपवते. 'लोड'ला फाइल दिली की फॉरमॅट ती स्वतःच ओळखते. लोड झटकन होतं म्हणून हुरळू नका, ग्रिडची जंत्री पहिल्या वापराला बनते आणि मोठ्या डेटावर पहिलं चित्र रेंगाळतं. सरावाला 'लोड_सॅम्पल'मधून आयसोलेटेडगॅलेक्सी हा नमुना डेटा घ्या (त्यासाठी पूच आणि पांडाज या पायथन लायब्ररी आधी टाकून ठेवा).

डेटाचा सपाट छेद दाखवणारा स्लाइसप्लॉट बिनघोर आहे. सेंटरला 'मॅक्स' दिलं की छेद सर्वाधिक घनतेच्या जागेतून जातो, रुंदी 20 किलोपार्सेक म्हणून थेट सांगता येते.

घोळ होतो प्रोजेक्शनप्लॉटमध्ये. तो खोलीतला सगळा डेटा एका चित्रात दाबतो, आणि वेट (सरासरीत कोणत्या सेलला किती महत्त्व, ते वेट_फील्डने ठरतं) न देता दृष्टिरेषेवर बेरीज करतो. घनतेला ते योग्यच, ग्रॅम प्रति घन सेंटिमीटरचं ग्रॅम प्रति चौरस सेंटिमीटर होतं. तापमानाला मात्र केल्विन गुणिले सेंटिमीटर असं निरर्थक एकक मिळतं, आणि चित्र दिसतं छान! तिथे वेट_फील्डमध्ये घनता द्या. कलरबारवरचं एकक वाचायची सवय लावली तर ही चूक लगेच पकडली जाते. एककं सोबत वाहण्याचा हाच खरा फायदा.

दोन राशींच्या खणांत तिसरी राशी रंगाने दाखवणाऱ्या फेजप्लॉटचं नेमकं उलट. तिथे वेट आपोआप वस्तुमानाचं असतं. प्रत्येक खणात एकूण किती वायू आहे ते हवं असेल तर वेट_फील्ड 'नन' करा, नाहीतर सेलच्या वस्तुमानाची सरासरी हाती येते.

फिल्म बनवताना सेट_झेडलिम (रंगपट्टीची किमान-कमाल मर्यादा) प्रत्येक फ्रेमला एकच ठेवा, नाहीतर रंगपट्टी दर फ्रेमला सरकते आणि चित्र लुकलुकतं. छपाईला सेट_बफ_साइझ (चित्राचे पिक्सेल) 2000 करा, मुळातला 800 अपुरा पडतो. फील्डचं नाव नुसतं 'डेन्सिटी' न लिहिता 'गॅस' आणि 'डेन्सिटी' अशी जोडी लिहा; आवृत्ती 4 मध्ये जुन्या स्क्रिप्ट बहुधा इथेच अडतात.

एकसमान ग्रिडचा छोटा नमपाय अ‍ॅरे (पायथनमधला आकड्यांचा तक्ता) असेल तर एवढा पसारा नको, मॅटप्लॉटलिबचं इमशो पुरे.

एमपीआयवर (एकच काम अनेक प्रोसेसमध्ये वाटून) चालवताना सुरुवातीलाच एनेबल_पॅरलेलिझम लिहा. ते राहिलं तर सगळ्याच प्रोसेस तेच चित्र काढून एकाच फाइलवर लिहितात, आणि वेळ एक मिनिटही वाचत नाही.