आजोबांची बाराबोर आणि मुरबाडची शेती: ठाण्यात राहून काय ठेवावं, काय सोडावं

राहायला ठाण्यात किंवा ऐरोलीत, भाताची खाचरं मुरबाड-शहापूरकडे आणि घरातल्या कपाटात आजोबांच्या नावाची डबल बार बाराबोर, म्हणजे दोन नळ्यांची छऱ्याची बंदूक. ठाणे जिल्ह्यात अशी घरं बरीच आहेत. परवान्यावर ज्याचं नाव, तो माणूस गेला की प्रश्न पडतो: बंदूक आपल्या नावावर करून घ्यावी का? शेतात डुकरं उतरतात, त्यांच्यासाठी ती कामाला येईल का? की जमा करून मोकळं व्हावं? नेम धरायची हौस असेल तर रेंजवर जाणं आणि एअरगन घेणं असे आणखी दोन मार्ग असतात.

माझं मत आधीच सांगतो. ठाण्यात राहणाऱ्याने पीक राखायला म्हणून बंदूक घेऊ नये. नेमबाजीची आवड असेल तर सरळ रेंजवर जावं. आजोबांची आठवण म्हणून बंदूक ठेवायची असेल तर जरूर ठेवावी, पण ती सांभाळायची तयारी घरातल्या सगळ्यांची असली पाहिजे. या मताचं मूळ एका गोष्टीत आहे. बंदूक बाळगण्याचा परवाना वेगळा आणि जनावरावर गोळी झाडण्याची परवानगी वेगळी. पहिला पोलीस आयुक्त किंवा जिल्हाधिकारी देतात, दुसरी वन्यजीव कायद्याखाली वनखात्याकडून येते. पहिला हातात असला म्हणजे दुसरी आपोआप मिळाली, असं समजणारे लोक मला गावागावात भेटलेत, आणि बहुतेक प्रकरणं तिथेच बिघडतात.

नावावर करून घेतली तर

शस्त्र नियम २०१६ मध्ये वारसाची सोय आहे. परवानाधारक वारला तर कायदेशीर वारसाला अर्ज करता येतो. तो हयात असला तरी वयाची ७० वर्षं पूर्ण झाल्यावर, किंवा ते हत्यार २५ वर्षं बाळगून झाल्यावर, वारसाच्या नावे परवाना मागता येतो. अर्जदाराचं वय किमान २१ हवं. इतर वारसांची लेखी हरकत नसणं, पोलीस चौकशी, हत्यार सुरक्षित हाताळण्याचं प्रशिक्षण आणि घरात ते कुलपात ठेवण्याची हमी, हे सगळं त्यात येतं. २०१९ च्या दुरुस्तीपासून परवान्याची मुदत ३ वर्षांवरून ५ वर्षं झाली आणि एका माणसाला जास्तीत जास्त २ बंदुका ठेवता येतात, पूर्वी ३ चालत. तुमच्या नावावर आधीच दोन असतील तर आजोबांची तिसरी नावावर होणार नाही, ती दुसऱ्या वारसाला घ्यावी लागेल.

ठाणे, भिवंडी, कल्याण, बदलापूरपर्यंतच्या रहिवाशाचा अर्ज ठाणे पोलीस आयुक्तालयात जातो, वाशी-पनवेलकडच्याचा नवी मुंबई आयुक्तालयात. मुरबाड-शहापूरच्या गावात राहणाऱ्याचा जिल्हाधिकारी कार्यालयात. शेती गावाला आणि राहणं शहरात असेल तर कुठे अर्ज करायचा यावरून लोक इकडून तिकडे फिरत बसतात. राहण्याचा पत्ता धरून चाला.

आता ठाणेकरांनी नीट वाचावा असा मुद्दा. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ च्या कलम ३४ प्रमाणे अभयारण्यापासून १० किलोमीटरच्या आत नवा शस्त्रपरवाना द्यायचा तर मुख्य वन्यजीव रक्षकांची आधी संमती लागते. राष्ट्रीय उद्यानालाही हे कलम लागू आहे. नकाशा उघडून पाहा. येऊरचे डोंगर संजय गांधी राष्ट्रीय उद्यानात, खाडीत ठाणे खाडी फ्लेमिंगो अभयारण्य, पनवेलजवळ कर्नाळा, शहापुरात तानसा, मुरबाडच्या पूर्वेला भीमाशंकर. घोडबंदर रोड, नौपाडा, ऐरोली, कोपरखैरणे हे सगळं त्या वर्तुळांत बसतं. वारसाला मिळतो तोही त्याच्या नावाचा नवाच परवाना, म्हणून ही संमती लागेल का हे अर्जाच्या पहिल्या दिवशीच विचारून घ्या. आधीचा परवाना असणाऱ्यांनाही या पट्ट्यात नावनोंदणी सांगितलेली आहे.

परवाना झाला, तरी बंदूक गावाला नेताना ती रिकामी, कव्हरमध्ये आणि तुमच्या ताब्यात हवी. गाडीच्या मागच्या सीटवर उघडी टाकून मुरबाडकडचं टोकावडे गाठणं चालत नाही. येऊरच्या किंवा तानसाच्या हद्दीतून जाणारा जवळचा रस्ता तर विसरूनच जा. अभयारण्यात हत्यारासह पाऊल टाकायलाही मुख्य वन्यजीव रक्षकांची लेखी परवानगी लागते, आणि कव्हरमध्ये होती म्हणून ती लागत नाही असं नाही. शेतावरच्या राखणदाराच्या हातात बंदूक सोपवून आपण रविवारी रात्री ठाण्याला परतायचं, हा सर्रास होणारा प्रकारही गुन्हाच आहे. परवान्यात ज्याचं नाव नाही त्याच्याकडे ती एक रात्रही राहू शकत नाही. एवढ्या एका गोष्टीने शहरात राहणाऱ्या शेतकऱ्याचं गणित संपतं. डुकरं रात्री येतात, मंगळवारी येतात, आणि तेव्हा बंदूक आणि बंदुकीचा मालक दोघेही ठाण्यात असतात.

जुने पारधी काय म्हणतात

मुरबाड आणि शहापूरच्या पट्ट्यात ज्यांनी ठासणीच्या (नळीच्या तोंडातून दारू ठासून भरायच्या) बंदुकीवर हयात काढली, हाक्याला म्हणजे आरडाओरडा करून सावज पुढे काढायला रान उठवलं, बारीवर म्हणजे सावजाच्या वाटेवर दबा धरून रात्ररात्र बसले, त्या जुन्या शिकाऱ्यांचं बोलणं मी मनापासून ऐकतो. त्यातलं बरंचसं पटणारं असतं.

त्यांची पहिली तक्रार अशी, की नियम करणाऱ्यांना भाताचं खाचर माहीत नाही. निसवलेलं, म्हणजे लोंब्या बाहेर आलेलं भात एका रात्रीत डुकरांच्या कळपाने लोळवलं की चार महिन्यांचे कष्ट गेले. हे खरं आहे, आणि कायद्यालाही ते मान्य आहे. शस्त्र कायदा १९५९ मध्ये पीकसंरक्षणासाठी ठासणीच्या बंदुकीच्या परवान्याची वेगळी तरतूद आहे. ती पुरेशी नाही असं अधिकाऱ्याला पटलं तर किमान २० इंच लांबीच्या गुळगुळीत नळीची दुसरी बंदूकही देता येते. वन्यजीव कायद्याचं कलम ११ उभ्या पिकाला धोका ठरणाऱ्या दुसऱ्या अनुसूचीतल्या (कायद्याला जोडलेल्या प्राण्यांच्या यादीतल्या) जनावराला मारण्याची लेखी परवानगी देता येते असं सांगतं. रानडुक्कर त्याच अनुसूचीत आहे. दार बंद नाही, पण त्याला दोन कुलपं आहेत आणि दोन्ही उघडावी लागतात.

दुसरं म्हणणं अधिक खोल आहे. जखमी सावज सोडून यायचं नाही, हा जुन्या पारध्यांचा धर्म. छर्रा लागलेलं डुक्कर कुठेतरी सडत मरण्यापेक्षा, किंवा चवताळून सकाळी गवत कापायला गेलेल्या बाईवर धावून जाण्यापेक्षा, माग काढून ते संपवावं. मला हा विचार फार मोलाचा वाटतो. पण तो आजच्या जमिनीवर कसा चालवायचा? तुमच्या बांधापलीकडे शेजाऱ्याचं वरकस, म्हणजे उताराची हलकी जमीन, त्याच्या वर कुणाचं तरी फार्महाऊस, त्यापुढे वनखात्याच्या हद्दीचे दगड. परवानगी तुमच्या शेतापुरती आणि कागदावर लिहिलेल्या जनावरापुरती. भरलेली बंदूक घेऊन दुसऱ्याच्या जमिनीत शिरलात तर तो अतिक्रमणाचा प्रश्न होतो. राखीव जंगलात शिरून गोळी झाडली तर भारतीय वन अधिनियम १९२७ आणि वन्यजीव कायदा दोन्ही लागतात. म्हणून जखमी जनावर हद्दीपार गेलं की लगेच वनरक्षकाला फोन करायचा, माग दाखवायचा, आणि आपण बांधावर थांबायचं. पारध्याला हे अपमानासारखं वाटतं, मला कळतं. पण त्याच धर्माचा दुसरा अर्धा भाग असा आहे, की खात्रीचा नेम नसेल तर घोडा ओढायचाच नाही. तो भाग पाळला तर पहिल्याची वेळ क्वचित येते.

तिसरं मत मात्र मी मानत नाही. रान आमचं, आम्ही पिढ्यान्‌पिढ्या पारध केली, चारचौघं गेलो आणि एखादं भेकर किंवा ससा आणला तर काय बिघडलं? कायद्याच्या भाषेत शिकार म्हणजे फक्त मारणं नव्हे. हाका घालणं, फासे लावणं, आमिष ठेवणं, जखमी करणं, घरट्यातली अंडी फोडणं, यातलं काहीही आणि त्याचा प्रयत्नसुद्धा शिकारच. त्यामुळे नुसतं थाळ्या वाजवत रान उठवणाराही आरोपी होतो. २०२२ च्या दुरुस्तीनंतर साधारण गुन्ह्याला ३ वर्षांपर्यंत कैद किंवा १ लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही. पहिल्या अनुसूचीतलं जनावर असेल किंवा अभयारण्यात शिकार केली असेल तर किमान ३ आणि कमाल ७ वर्षं कैद आणि किमान २५ हजार दंड. बंदूक आणि गाडी जप्त होते ती वेगळीच.

आणि कायद्याहून मोठी गोष्ट म्हणजे माणसाचा जीव. २०२५ च्या सुरुवातीला शेजारच्या पालघर जिल्ह्यात, मनोर भागात, रानडुकराच्या शिकारीला गेलेल्या गावकऱ्यांपैकीच एकाने साथीदाराला डुक्कर समजून गोळी घातली आणि तो गेला. रात्री झुडूप हललं म्हणून गोळी सुटते. परवाना असो, परवानगी असो, जनावर पूर्ण दिसल्याशिवाय आणि त्याच्या मागे काय आहे हे कळल्याशिवाय बोट घोड्यावर जाता कामा नये. हाक्यात तर समोरून माणसंच येत असतात.

त्याच शेतासाठी कुंपण

सौर कुंपणात बॅटरीवरून क्षणभराचे झटके तारेत सोडले जातात. जनावर दचकून मागे फिरतं, मरत नाही. ते रोज रात्री जागं असतं, मालक ठाण्यात असला तरी. त्याला देखभाल लागते: पावसाळ्यात गवत तारेला टेकलं की झटक्याचा जोर जातो, म्हणून कुंपणाखालची पट्टी साफ ठेवावी लागते, आणि ते काम राखणदाराला देता येतं. बंदूक देता येत नाही. जंगलालगतच्या काही गावांना यासाठी सरकारी अनुदानही मिळतं. वनपरिक्षेत्र कार्यालयात आपलं गाव यादीत आहे का ते पाहा. खांबावरून आकडा टाकून तारेत थेट २३० व्होल्ट सोडणं हा मात्र वेगळा प्रकार. त्यात डुक्कर मरतं, बैल मरतो आणि शेजाऱ्याचा मुलगाही मरतो.

नुकसान झालंच तर पंचनामा लगेच मागा. फोटो काढा, सातबारा आणि पीकपेरा हाताशी ठेवा, आणि वनखात्याचा माणूस येईपर्यंत लोळलेलं पीक उचलू नका. भरपाई पूर्ण कधीच वाटत नाही, पण नोंदी साचत गेल्या की त्याच गावाची अडचण कागदावर दिसू लागते. उद्या डुक्कर मारण्याची परवानगी मागायची वेळ आलीच, तर याच नोंदी अर्जाला जोडता येतात.

रेंज की एअरगन

ज्याला शेताशी देणंघेणं नाही, पण आजोबांचा हात अंगात उतरला आहे असं वाटतं, त्याच्यासाठी हा भाग. ४.५ मिलिमीटरची, २० ज्यूलपर्यंतच्या जोराची एअर रायफल परवान्याशिवाय मिळते. म्हणून लोक ती सहज विकत घेतात, आणि गच्चीवरून कबुतरावर, खाडीच्या कडेला बगळ्यावर नेम धरून पाहतात. हत्याराला परवाना लागत नाही याचा अर्थ पक्ष्याला मारायची मुभा आहे असा नाही. बगळा छऱ्याने मेला काय आणि बाराबोरने मेला काय, गुन्हा तोच. सोसायटीच्या आवारात छर्रा उडून कुणाच्या डोळ्यात गेला तर ते आणखी वेगळं. घरी ठेवायचीच तर लक्ष्याच्या मागे भक्कम भिंत आणि छर्रे अडवणारी पेटी हवी, आणि एअरगन कुलपात हवी.

तीच एअर रायफल रेंजवर नेली की तिचं सोनं होतं. १० मीटर प्रकार याच ४.५ मिलिमीटरवर चालतो. ठाणे-नवी मुंबईकरांना पनवेलचा लक्ष्य शूटिंग क्लब जवळ आहे, २००४ च्या अथेन्स ऑलिंपिकच्या अंतिम फेरीत गेलेल्या सुमा शिरूर यांनी उभा केलेला. कोल्हापूरच्या स्वप्नील कुसाळेने २०२४ मध्ये पॅरिसला ५० मीटर रायफल थ्री पोझिशन्समध्ये कांस्य जिंकल्यापासून पालकांची विचारपूस वाढली आहे, आणि ते चांगलंच आहे. रेंजवर पहिले काही आठवडे नेमापेक्षा नळी कुणाकडे वळू न देणं, सांगेपर्यंत न भरणं, हेच शिकवतात. आजोबांची बंदूक नावावर करून घेणाऱ्यानेसुद्धा आधी हे शिकून यावं असं मी आग्रहाने म्हणेन.

सोडायची असेल तर

परवानाधारक गेल्यावर बंदूक घरात ठेवून वर्षभर विचार करत बसण्याची मुभा नाही. शस्त्र कायद्याच्या कलम २१ प्रमाणे विनाविलंब जवळच्या पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक शस्त्रविक्रेत्याकडे जमा करायची, पावती घ्यायची. बिनपरवाना घरात सापडली तर २ ते ५ वर्षं कैदेची तरतूद आहे, मग ती आजोबांची आठवण असो वा नसो. जमा केली म्हणजे ती गेली असंही नाही. ठरलेल्या मुदतीत वारसाला परवाना मिळाला तर परत घेता येते, परवानाधारकाला रीतसर विकताही येते. मुदत उलटली तर मात्र सरकारजमा होऊ शकते, म्हणून पावतीवरची तारीख लक्षात ठेवा.

बंदूक देताना ट्रंकेतली, माळ्यावरची, जुन्या कोटाच्या खिशातली काडतुसंही शोधून काढा. पितळ हिरवं पडलेली, पुठ्ठा फुगलेली एलजी-एसजीची (मोठ्या छऱ्यांची) काडतुसं लोक कचऱ्यात टाकतात किंवा खाडीत सोडतात. ती स्वतः फोडून दारू वेगळी करायला जाऊ नका. बंदुकीबरोबर जमा करा, आणि पावतीवर त्यांचा आकडा लिहून घ्या.