पिल्लांच्या दुधाचं किट: पावडर चांगली, बाटली ठीकठाक, सोबतचा कागद मात्र फेकून द्या

तीन स्टार देतेय. नुसत्या पावडरला द्यायचे असते तर चार दिले असते, बाटलीला दोन, आणि सोबत जो सूचनांचा कागद येतो त्याला काहीच नाही, कारण तो वाचून कुणी नवजात पिल्लं वाढवायला घेतली तर पिल्लांचं काही खरं नाही. इथे बाकीचे रिव्ह्यू सगळे "पॅकिंग छान", "डिलिव्हरी वेळेत" एवढेच आहेत, त्यातून काय कळणार? म्हणून मी सविस्तर लिहितेय. ज्यांच्या घरी आत्ता खोक्यात डोळे मिटलेली पिल्लं ओरडतायत त्यांनी सगळं वाचा, घ्यायचं की नाही एवढंच हवं असेल तर एकदम खाली जा.

आमच्या बिल्डिंगच्या मीटर रूममध्ये ठिपक्यांची मांजरी व्यायली होती, ऐन पावसात, आणि दोन-तीन दिवसांत तिला समोरच्या रस्त्यावर गाडीने उडवलं. चार पिल्लं, नाळेचा वाळका तुकडा अजून पोटाला चिकटलेला, म्हणजे पाच दिवसांच्या आतलीच. आई गेली हे डोळ्यांनी बघितलं होतं म्हणून लगेच उचलली. नाहीतर प्लीज, नुसती पिल्लं दिसली की उचलून आणू नका. मांजर पिल्लांना सात घरं फिरवते असं आपल्याकडे म्हणतात ते उगाच नाही, ती एकेक पिल्लू तोंडात धरून जागा बदलते, मधल्या वेळात बाकीची एकटीच दिसतात. लांब उभं राहून काही तास बघा. पिल्लं ऊबदार आहेत, पोट टम्म आहे, गप झोपलीत, म्हणजे आई येऊन-जाऊन आहे. आणि माणसाचा हात लागला की मांजर पिल्लू टाकते हे साफ खोटं आहे. पहिल्या दिवसाच्या चिकातून जी प्रतिकारशक्ती मिळते ती कुठल्याच डब्यात मिळत नाही, आमच्या चौघांना ती मिळाली होती हे नशीब.

आता पावडर. एक माप पावडर, दोन मापं पाणी. उकळून कोमट केलेल्या पाण्यात व्यवस्थित विरघळते, गार पाण्यात घातली की गुठळ्या, आणि एक बारीक गुठळी निपलमध्ये अडकली की रात्री तीन वाजता सगळा खेळ, त्यामुळे चहाच्या गाळणीतून गाळून घ्या. केलेलं दूध फ्रिजमध्ये एक दिवस ठेवता येतं, पाजताना बाटली गरम पाण्याच्या वाटीत ठेवून कोमट करायची, मनगटावर थेंब टाकून बघायचा. मायक्रोवेव्ह नको, एकीकडे गार एकीकडे चटका देणारं होतं. वास चांगला आहे, पिल्लांनी दुसऱ्या-तिसऱ्या वेळेलाच ओढून प्यायला सुरुवात केली, पिताना कान फडफड हलवतात ते बघण्यासारखं असतं. जुलाब कुणालाच झाले नाहीत, आणि पावडरसाठी माझ्या मते हीच खरी परीक्षा.

समोरच्या काकू रोज येऊन सांगायच्या, "अगं, एवढे पैसे कशाला घालतेस, गाईच्या दुधात पाणी घालून दे, आम्ही तेच द्यायचो." काकूंचा जीव आहे प्राण्यांवर, पण काकू, नाही. गाईच्या दुधात प्रोटीन तीन टक्क्यांच्या थोडंसं वर असतं, मांजरीच्या दुधात त्याच्या दुप्पट तरी, शिवाय फॅट जास्त, टॉरिन (मांजरांना लागणारं एक पोषकद्रव्य) वेगळं लागतं. त्यात आपण अजून पाणी घालायचं म्हणजे पोट भरतं आणि पिल्लू उपाशी. वर लॅक्टोजने, म्हणजे दुधातल्या साखरेने, जुलाब. शंभर ग्रॅमच्या जिवाला दोन वेळा पातळ शी झाली तरी पाणी आटून जातं, तिथून परत आणणं फार अवघड.

पावडरचा एक स्टार कापला तो डब्यावरच्या तक्त्यासाठी. कुत्र्याची पिल्लं आणि मांजरीची पिल्लं, दोघांना एकच तक्ता! पहिल्या आठवड्यात एका वेळी १० मिली असं छापलंय. अहो, शंभर ग्रॅमच्या पिल्लाच्या पोटात एका वेळी चारेक मिली बसतं, फार तर जरा जास्त. आमच्या डॉक्टर मॅडमनी वजनावर हिशोब करून दिला, शंभर ग्रॅमला ४ मिली, पहिल्या आठवड्यात दर दोन ते तीन तासांनी, रात्रीसुद्धा, मग दुसऱ्या आठवड्यात तीन-चार तासांनी. जास्त पाजलं तर दूध नाकातून बाहेर येतं, फुप्फुसात जातं, आणि त्याने जो न्यूमोनिया होतो त्यात पिल्लू हातचं जातं.

बाटलीची गंमत म्हणजे निपलला भोकच नाही. पाच निपल दिलीत, पाचही बंद. तुम्हीच पाडायचं, आणि हे कुठेही लिहिलेलं नाही, खाली दोन-तीन जणांनी "दूध येत नाही, फॉल्टी पीस" म्हणून एक स्टार दिलाय ते त्यामुळेच. सुई गॅसवर लाल करून टोचा. बाटली उलटी धरली की एकेक थेंब सावकाश पडायला हवा, धार लागली तर ते निपल टाकून द्या, थेंबच आला नाही तर पिल्लू ओढून ओढून दमतं आणि अर्ध्या पोटी झोपतं. पाचातली दोन निपल रबर जाड असल्यामुळे पहिल्या आठवड्यातल्या तोंडात बसतच नाहीत. सोबतची सिरिंज ठीक आहे पण दट्ट्या अडकत अडकत जातो आणि मग एकदम सुटतो, म्हणजे भसकन दूध घशात, मी ती वापरलीच नाही, मेडिकलमधून साधी १ मिलीची आणली. ब्रश मात्र चांगला दिलाय, बाटली रोज उकळून घ्यायची असते त्यामुळे लागतोच.

आणि तो कागद. त्यावर चित्र आहे, पिल्लू बाईच्या मांडीवर पाठीवर झोपलंय आणि बाटली वरून तोंडात, तान्ह्या बाळासारखं. एकदम चूक! मांजराचं पिल्लू नेहमी पोटावर पाहिजे, आईला पितात तसं, डोकं जरासं वर, पुढचे पाय टॉवेलवर. पाठीवर झोपवून पाजलं की दूध सरळ श्वासनळीत. कंपनीने हे एक चित्र बदललं तरी मी एक स्टार वाढवीन.

दुसरं म्हणजे ऊब, याचा कागदावर एका ओळीनेही उल्लेख नाही. मला विचाराल तर दूध दुसरं, ऊब पहिली. नवजात पिल्लाला स्वतःचं अंग गरम ठेवता येत नाही, आपल्याला हुडहुडी भरते तशी त्यांना पहिल्या आठवड्यात भरतच नाही. पहिल्या आठवड्यात त्यांच्या आजूबाजूला साधारण २९ ते ३२ डिग्री लागतं, आणि आपण म्हणतो आपल्याकडे कसली थंडी, पण पावसात फरशीवर ठेवलेलं खोकं बर्फ असतं त्यांच्यासाठी. गार पडलेल्या पिल्लाचं पोट काम करणं थांबवतं, दूध तसंच आत साचून राहतं, म्हणून गार पिल्लाला कधीही, कितीही ओरडलं तरी, आधी पाजायचं नाही. आधी हळूहळू गरम करायचं, अंगाशी धरा, गरम पाण्याची बाटली टॉवेलात गुंडाळून शेजारी ठेवा, मग दूध. आणि खोक्यात अर्धी जागा ऊबेशिवाय सोडा, उकडलं तर सरकून जायला. बल्ब वगैरे डायरेक्ट डोक्यावर नको. इतक्या पैशात कंपनीने एक छोटी शेकायची पिशवी दिली असती तर पाच निपलपेक्षा जास्त उपयोग झाला असता.

किटमध्ये नसलेली अजून एक गोष्ट, वजनकाटा. किचनचा डिजिटल काटा, एक-एक ग्रॅम दाखवणारा, घ्याच. जन्मतः पिल्लू साधारण १०० ग्रॅमचं असतं, रोज दहा-पंधरा ग्रॅम वाढायला हवं, दोन आठवड्यांत वजन दुप्पट. आम्ही वहीत चौघांचे कॉलम केले, रोज त्याच वेळी, पाजायच्या आधी. डोळ्यांनी काही कळत नाही हो, सगळी गोड आणि सगळी ओरडतायत. काट्यावरच कळलं की भुरी, सगळ्यात लहान, दोन दिवस तेवढ्यावरच अडकलीय. मग ती ओढेना, बाकीच्यांपासून बाजूला जाऊन पडायला लागली, हिरड्या फिकट. मॅडमनी लगेच आणायला सांगितलं, आधी शेक, मग हिरड्यांना साखरेचं पाणी चोळलं, नळीने दूध दिलं, सगळं केलं, तरी ती गेली. पहिल्या एक-दोन आठवड्यांत अशी काही पिल्लं आईजवळ असूनही जातात, इन्फेक्शन असतं, जन्मजात काहीतरी असतं, कधी कारण सापडतच नाही. यात पावडरचा दोष नाही, बाकीची तिघं त्याच डब्यावर वाढली.

शी-शूचं पण कागदात नाही. पहिले तीनेक आठवडे पिल्लांना ते आपणहून करता येत नाही, आई चाटते तेव्हा होतं. प्रत्येक वेळी पाजल्यावर कोमट पाण्यात बुडवलेला कापूस हलक्या हाताने फिरवायचा. शू फिकट पिवळी हवी, गडद झाली म्हणजे पाणी कमी पडतंय. शी मोहरीच्या रंगाची, टूथपेस्टएवढी घट्ट.

पिसवांबद्दल सांगायलाच हवं कारण मीटर रूममधली पिल्लं म्हणजे पिसवा आल्याच. आपल्याला वाटतं खाज सुटते एवढंच, पण एवढ्याशा जिवाचं रक्त पिऊन त्या अ‍ॅनिमिया करतात, त्यानेच पिल्लू जाऊ शकतं. बारीक दातांची फणी, कोमट पाणी, लगेच कोरडं करून ऊबेत. कुत्र्यांचं औषध अजिबात लावू नका, त्यात परमेथ्रिन नावाचं कीटकनाशक असलं तर मांजरासाठी ते विष आहे, मोठ्या मांजरासाठीसुद्धा. फिनेल मारलेल्या फरशीवर पण खोकं नको.

डोळे साधारण सात ते चौदा दिवसांत उघडतात. बोटांनी उघडायचे नाहीत. काळूचा एक डोळा मिटलेला असतानाच फुगला आणि कोपऱ्यातून पू आला, हे मात्र थांबायचं काम नाही, आत साचलेला पू डोळा घालवू शकतो. मॅडमनी कोमट सलाईनने पुसून पापणी उघडली, ड्रॉप दिले, डोळा वाचला. मुंबईत लोक अशा वेळी परळच्या बैलघोडा हॉस्पिटलचं, म्हणजे प्राण्यांच्या दवाखान्याचं, नाव सांगतात, पण डोंबिवलीहून एवढी पिल्लं लोकलच्या गर्दीत नेणं मला जमलं नसतं, जवळचा डॉक्टर आधीच शोधून फोन नंबर सेव्ह करून ठेवा, मांजरं बघणारा, फक्त कुत्रे बघणारा नाही.

बाकी मग सगळं भराभर होतं. तिसऱ्या आठवड्यात कान उभे, दारू प्यायल्यागत चालायला लागतात, पुढचे बारीक दात दिसतात, सगळ्यांचे डोळे निळे असतात आणि लोक "अय्या निळ्या डोळ्यांची!" म्हणून मागणी नोंदवून जातात, त्यांना सांगा की सहा-सात आठवड्यांत रंग बदलतो. दुसऱ्या ते सातव्या आठवड्यात माणसांची सवय लागते, रोज हाताळा, मिक्सरचा आवाज ऐकू द्या. जंताचं औषध दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यापासून, डोस वजनावर, डॉक्टरांकडूनच. चौथ्या आठवड्यापासून हीच पावडर घट्ट कालवून त्यात किटन फूड भिजवून ताटलीत दिलं, पिल्लांतली ठिपकी तर ताटलीत चारही पाय घालून उभी राहायची. लसी सहा ते आठ आठवड्यांपासून.

तर घ्यायचं का? पावडर घ्या. सुटा डबा मिळत असेल तर किटऐवजी तोच घ्या आणि बाटली वेगळी, लांब बारीक निपलवाली. मोठा डबा स्वस्त पडतो पण उघडल्यावर महिनाभरातच संपवायचा असतो, एक-दोन पिल्लं असतील तर छोटा पुरतो. डिलिव्हरी आमच्याकडे दुसऱ्या दिवशी आली, पण दोन दिवसांच्या पिल्लाला दुसरा दिवस म्हणजे फार लांब, त्यामुळे पिल्लं हातात असतील तर ऑनलाईन ऑर्डरची वाट बघत बसू नका, आधी जवळच्या पेट शॉपला किंवा डॉक्टरांना फोन करा, बऱ्याच क्लिनिकमध्ये एखादा डबा असतो.