ओशन बीच की लिंडा मार? थंड पाण्यात सर्फिंग करू पाहणाऱ्यांसाठी

गोव्यात आठ-दहा दिवस सर्फिंग शिकलेली आपली मंडळी बे एरियात राहायला आली की लवकरच विचारतात: सॅन फ्रान्सिस्कोच्या ओशन बीचवर उतरायचं, की वीसेक किलोमीटर दक्षिणेला पॅसिफिकाच्या लिंडा मारला जायचं? माझं उत्तर आधीच सांगून टाकते. पहिला अख्खा हंगाम लिंडा मार. ओशन बीचला जरूर जा, पण बोर्ड घरी ठेवून, भिंतीवर बसून बघायला.

गारठ्याच्या बाबतीत निवड करण्यासारखं काही नाही. दोन्हीकडे पाणी वर्षभर साधारण १० ते १५ अंशांत असतं; गोव्याचं २७ ते ३०. उन्हाळा जवळ आला की कोमट होईल, ही आशाही सोडा. एप्रिल ते जून वायव्येचा जोरदार वारा वरचं पाणी किनाऱ्यापासून दूर लोटतो आणि त्याच्या जागी खोलातलं गार पाणी वर येतं. त्यामुळे वेटसूट हवाच: ४/३ चा, म्हणजे धडाला ४ मिलिमीटर आणि हातापायांना ३. सोबत पायात बूट, आणि कडक दिवसांत डोक्याला हूड. भाड्याचा सूट घेताना ढगळ घेऊ नका. ऊब धरतात ते निओप्रीनमधले, म्हणजे सूटच्या रबरातले, हवेचे बारीक बुडबुडे. सूट सैल असला की दर लाटेला आत नवं गार पाणी शिरतं आणि सगळी ऊब वाहून जाते. वेटसूट घराघरांत पोचवणाऱ्या जॅक ओनीलनी आपलं पहिलं दुकान १९५२ साली थाटलं ते ओशन बीचजवळच. ह्या पाण्यात एकदा उतरलं की ते तिथेच का, हे सांगावं लागत नाही.

आता खरा फरक. ओशन बीच म्हणजे साडेपाच किलोमीटरची सरळसोट पुळण, पश्चिमेला सताड उघडी. अलास्काच्या बाजूने आलेली हिवाळी लाट वाटेत न अडता इथे येऊन फुटते. खडकावर फुटणाऱ्या लाटेची जागा ठरलेली असते आणि बाजूला खोल पाण्याची वाट सापडते. इथे लाट फुटते वाळूच्या दांड्यांवर, आणि ते दर वादळात सरकतात. गेल्या आठवड्यात जिथून आत शिरलात ती वाट ह्या आठवड्यात असेलच असं नाही. शिवाय गोल्डन गेट, म्हणजे सॅन फ्रान्सिस्को खाडीचं तोंड, जवळ. अख्ख्या खाडीचं पाणी भरती-ओहोटीला त्या अरुंद तोंडातून आत-बाहेर करतं आणि त्याची ओढ किनाऱ्यालगत जाणवते. अमावास्या-पौर्णिमेचं उधाण आणि अष्टमीचा भांग, म्हणजे लहान भरती-ओहोटी, हे कोकणातलं गणित इथेही चालतं. मी आजही फ्रिजवरचं कालनिर्णय बघून दिवस ठरवते. केवळ पाण्यात चालायला उतरलेली माणसंही इथे बुडाली आहेत, असं सांगणारे फलक किनाऱ्यावर आहेत. ते वाचून मगच पुढे जा.

माझा पहिला प्रयत्न नोरिएगा रस्त्यासमोर झाला. छातीएवढ्या लाटा भिंतीवरून अगदी साध्या वाटल्या होत्या. चाळीस मिनिटं हात मारले. एक फेसाची रांग ओलांडली की समोर दुसरी, तिच्यामागे तिसरी. बाहेर पोचले नाहीच. वाळूवर आले तेव्हा समोर नोरिएगा नव्हता. इथले रस्ते आद्याक्षरांच्या क्रमाने लागतात, म्हणून मोजता आलं: ओर्टेगा, पाचेको, किंटारा, रिवेरा. चार रस्ते वाहून गेले होते आणि एकही लाट पकडली नव्हती. गाडीपाशी बोटं इतकी बधिर की किल्ली दोन्ही तळव्यांत धरून फिरवावी लागली.

त्या दिवशी कळलं की ओशन बीचवर उभं राहता येतं का, हा प्रश्न फार नंतरचा आहे. आधी लाटांच्या पलीकडे पोचता यायला हवं. त्यासाठी बोर्डाचं नाक दाबून लाटेखालून जावं लागतं, त्याला डक डाइव्ह म्हणतात. नवशिक्यांचा आठ फुटी फोमचा बोर्ड पाण्याखाली दाबला जातच नाही. म्हणजे ज्या बोर्डावर शिकायचं, तो घेऊन इथे बाहेर पोचणंच कठीण.

लिंडा मारला तोच बोर्ड कामाचा. चंद्रकोरीसारखा किनारा, दोन्ही टोकांना डोंगर. दक्षिणेच्या कोपऱ्यात पेड्रो पॉइंटच्या आडोशाला लाट बहुतेक वेळा लहान असते. कमरेएवढ्या पाण्यात उभं राहून फेसाची लाट निवडता येते. शिकवणारेही इथे मिळतात. त्रास दोन. शनिवार-रविवारी इतकी गर्दी, की कुणाचा तरी बोर्ड अंगावर येणार हे धरून चाला, डोकं हातांनी झाका. आणि पावसानंतर सॅन पेड्रो ओढ्याचं घाण पाणी समुद्रात येतं, तेव्हा तीन दिवस उतरू नका. इथे पार्किंगला पैसे पडतात, ओशन बीचला नाही. पण त्यावरून ठरवू नका.

मग ओशन बीचला जायचंच कशाला? सप्टेंबर ते नोव्हेंबरातल्या सकाळी मतलई वारे सुटतात, जमिनीकडून समुद्राकडे, आणि लाट उभी, गुळगुळीत होऊन सावकाश उलगडते. २०११ च्या नोव्हेंबरात केली स्लेटरनं अकरावं जगज्जेतेपद इथेच जिंकलं. तसली एक लाट नुसती बघितली तरी दिवस सार्थकी लागतो.

तयारी झाली का, हे ओळखायची माझी खूण अशी: लिंडा मारला मोठ्या दिवशी, लहान बोर्डावर, सलग पाच लाटांखालून जाऊनही दम शिल्लक राहतो का? लीश, म्हणजे बोर्ड पायाला बांधणारी दोरी, तुटली तर पोहत परत याल का? दोन्हीला हो असेल, तर ऑक्टोबरातला लहान लाटांचा, भांगाचा दिवस निवडा आणि सोबतीला ती वाळू ओळखणारं कुणीतरी घ्या. उतरण्यापूर्वी वीस मिनिटं घड्याळ लावून बघा. मोठ्या लाटांच्या दोन झुंडी येऊन गेल्याशिवाय सूटची चेन ओढू नका. आणि गाडीत कोमट पाण्याचा कॅन ठेवा, परत आल्यावर हातांवर ओतायला.