प्रिंटरचा ड्रायव्हर शोधताना ९०,८५९ रुपये गेले

नवीन लॅपटॉपला जुना प्रिंटर जोडायच्या खटपटीत कुणी असेल तर आधी हे वाचा. माझे ९०,८५९ रुपये गेलेत. लॉटरी नाही, दामदुप्पट नाही, घरबसल्या कमाई नाही. मी फक्त प्रिंटरचा ड्रायव्हर, म्हणजे लॅपटॉपला प्रिंटर चालवता यावा म्हणून लागणारं सॉफ्टवेअर, शोधत होते.

सोलापुरात पूर्व भागात आमचा टॉवेलचा होलसेल धंदा आहे. माग आणि माल मिस्टर बघतात, बिलं आणि जीएसटी माझ्याकडे. हैदराबादचं पार्सल ट्रान्सपोर्टला टाकायचं होतं, सोबत ई-वे बिलाची प्रत हवी होती, आणि नवा लॅपटॉप प्रिंटर ओळखेना. ड्रायव्हरची सीडी कपाटात आहे, पण हल्लीच्या लॅपटॉपला सीडी घालायला जागाच नसते.

मी आधी कंपनीच्या खऱ्या साइटवरच गेले होते. हे मुद्दाम सांगते, कारण जो तो मला ‘साइट बघून घ्यायची ना’ म्हणून ऐकवतो. तिथे एकाच प्रिंटरसाठी फायलींची रांग. फुल फीचर सॉफ्टवेअर, बेसिक ड्रायव्हर, फर्मवेअर, युटिलिटी. पुढे आवृत्तीचे आकडे, कुठे एक्स६४, कुठे एआरएम. ‘तुम्हाला नुसतं प्रिंट काढायचं असेल तर ही फाइल घ्या’ एवढं एक वाक्य कुठेही नाही. मी बी.कॉम. आहे, लग्नाआधीपासून टॅली चालवते, तरी मला त्यातलं काय घ्यायचं ते कळलं नाही. मग सर्चमध्ये प्रिंटरचं नाव टाकलं आणि सगळ्यात वर जे आलं त्यावर गेले. त्यावर बारीक अक्षरात ‘प्रायोजित’ लिहिलेलं असतं, म्हणजे पैसे भरून वर आणलेली जाहिरात. असं दिसलं की खाली सरका.

ते पान लहान पोरालाही समजेल असं होतं. एक चौकट, त्यात मॉडेल नंबर टाका. खाली एक मोठं हिरवं बटण. बस. गिऱ्हाइकाला काय हवंय हे चोरांना बरोबर कळलं, आणि ज्यांनी माझ्याकडून प्रिंटरचे पैसे घेतले त्यांना इतक्या वर्षांत कळलं नाही. माझा निम्मा राग त्यांच्यावर आहे.

बटण दाबलं. हिरवी पट्टी सरकत ८७ टक्क्यांवर गेली आणि थांबली. लाल अक्षरांत एरर, खाली टोल-फ्री नंबर. तो क्षण माझ्या डोक्यातून जात नाही. डाउनलोड खरंच चालू असलं की ब्राउझरच्या वरच्या बाजूला खूण हलते, फाइल डाउनलोड्समध्ये दिसते. जीएसटीची कागदपत्रं रोज अशीच उतरवते मी. त्या दिवशी तिथे काहीच नव्हतं. पट्टी त्या पानावर नुसती रंगवलेली होती. नंतर पुण्याच्या भाच्याने मॉडेलच्या चौकटीत ‘कखग’ टाकून दाखवलं, तर तेच ८७ टक्के आणि तोच एरर! अंगाची लाही लाही झाली. पण दारात टेम्पोवाला हॉर्न वाजवत असताना ब्राउझरचा कोपरा कोण बघत बसतं, ते सांगा.

मी त्या नंबरवर फोन लावला. पुढचं तुम्हाला माहीतच असेल. हिंदीत ‘मॅडमजी, मॅडमजी’, लॅपटॉपवर रिमोट ॲप (म्हणजे दुसरीकडे बसून आपली स्क्रीन बघता आणि चालवता येते ते), ड्रायव्हर सपोर्टचे २,००० अधिक १८ टक्के जीएसटी, एकूण २,३६०. जीएसटी अचूक लावला म्हणून माझा विश्वास बसला. पैसे नेटबँकिंगने भरले. मग ‘पावती मोबाइलवर येईल’ म्हणून तेच ॲप फोनवर टाकायला लावलं आणि लॅपटॉपची स्क्रीन काळी झाली. ‘लोड होतंय, हात लावू नका.’ ओटीपी मी कुणालाही सांगितलेला नाही. फोनची स्क्रीनच त्यांच्यासमोर उघडी होती, सांगायची गरजच नव्हती. ४९,९९९ गेल्याचा मेसेज आला.

मी ताबडतोब बँकेच्या हेल्पलाइनला फोन लावला. भाषा निवडा, खातं की कार्ड ते निवडा, खाते क्रमांक टाका, मग संगीत. ते संगीत ऐकत असतानाच ३८,५०० गेले. बँक म्हणते तक्रार नोंदली गेली ती त्यानंतर! आणि ॲप तुम्हीच टाकलं, तेव्हा निष्काळजीपणा तुमचा. रिझर्व्ह बँकेचं ६ जुलै २०१७ चं परिपत्रक मी छापून नेलं. त्यात ग्राहकाची जबाबदारी सिद्ध करण्याचा भार बँकेवर टाकलाय, आणि तक्रारीनंतरचं नुकसान बँकेचं. साहेबांनी कागद बघितलाही नाही. अशा रिमोट ॲपबद्दल रिझर्व्ह बँकेने फेब्रुवारी २०१९ मध्येच बँकांना सावध केलं होतं. मला कर्जाचे, विम्याचे मेसेज रोज येतात. याबद्दल एकही आल्याचं मला आठवत नाही.

पोलिसांत गेले तर म्हणाले, सायबरला जा. तिथे म्हणाले, आधी तुमच्या हद्दीतल्या ठाण्यात अर्ज द्या. नव्या कायद्याच्या, म्हणजे भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ प्रमाणे, गुन्हा कुठल्याही हद्दीत घडलेला असो, खबर घ्यावीच लागते. हे बोलून दाखवलं तर ‘मग एवढं कळतं तर ॲप कशाला टाकलंत?’ समोर चार माणसं बसलेली होती. चोरांनी तरी मॅडम म्हटलं होतं.

पैसे जाताहेत असं दिसलं की पहिल्यांदा इंटरनेट तोडा आणि १९३० ला, म्हणजे सायबर फसवणुकीच्या सरकारी हेल्पलाइनला, फोन करा, बँकेचं संगीत नंतर ऐका. तक्रारीचा क्रमांक लिहून घ्या, स्क्रीनशॉट काढा. डाउनलोडच्या पानावर फोन नंबर दिसला की पान बंद. विंडोज १० किंवा ११ असेल तर सेटिंग्जमध्ये प्रिंटर्स अँड स्कॅनर्स उघडून ‘ॲड’ दाबून बघा, पुष्कळदा विंडोज ड्रायव्हर स्वतःच आणतं. आमचा प्रिंटर तसाच सुरू झाला, फुकटात. फाइल उघडताना विंडोज प्रकाशकाचं नाव दाखवतं, तिथे ‘अननोन’ असेल तर नाही म्हणा.

आणि सॉफ्टवेअर बनवणाऱ्यांनो, जिम्प या फोटो एडिट करायच्या फुकट सॉफ्टवेअरवाल्यांनी २०१३ मध्ये सोर्सफोर्ज ही डाउनलोडची साइट सोडली, त्यामागे फसव्या डाउनलोड बटणांच्या जाहिराती हे एक कारण होतं. म्हणजे हे दुखणं तुम्हाला तेव्हापासून ठाऊक आहे. कुठल्या लॅपटॉपला कुठली फाइल, केवढी, उतरल्यावर कुठे सापडेल, आणि आम्ही कधीही फोन करायला सांगत नाही, एवढं मराठीत लिहायला किती जागा लागते?

बँकेला लेखी तक्रार दिली आहे. ३० दिवसांत उत्तर आलं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाणार. १९३० वरून काही रक्कम अडवली गेली का, याचं उत्तर अजून कुणी दिलेलं नाही.