कानबान बोर्ड आणि विप लिमिट: ९ महिने वापरल्यानंतरचा अनुभव

आमच्या टीमने ९ महिन्यांपूर्वी दोन आठवड्यांचे स्प्रिंट (ठरावीक मुदतीसाठी कामं ठरवून ती त्यात संपवायची) सोडून कानबान सुरू केलं, म्हणजे प्रत्येक कामाचं कार्ड करून ते बोर्डवर एकेका टप्प्याच्या कॉलममधून पुढे सरकवायचं. तेव्हा मी खूप वाचलं होतं पण सगळीकडे पहिल्या आठवड्याचं कौतुकच सापडायचं, पुढे काय होतं ते कुणी लिहीतच नाही, म्हणून आता लिहितेय. टीम आठ जणांची, सहा डेव्हलपर आणि दोन टेस्टर, प्लॅनिंग माझ्याकडे. कुठलं टूल ते महत्त्वाचं नाही, कॉलमवर आकड्याची मर्यादा लावता आली की झालं.

आधी काय व्हायचं, तर स्प्रिंट प्लॅनिंगला दोन तास जायचे, त्यातला निम्मा वेळ हे काम ३ पॉइंटचं (काम किती मोठं त्याचा अंदाज) की ५ चं यावर वाद घालण्यात, आणि एवढं करून शेवटी पाच-सहा कार्डं "जवळपास झालंय" म्हणत पुढच्या स्प्रिंटमध्ये ढकलायची. मला वाटायचं आमचे अंदाज चुकतात. ते चुकत होतेच, पण खरा घोळ वेगळाच होता. एक दिवस नुसतं मोजून बघितलं तर १८ कामं एकाच वेळी चालू! सहा डेव्हलपर, १८ कामं. यात स्क्रमचा, म्हणजे स्प्रिंटवाल्या पद्धतीचा, दोष काढायचा नाहीये मला, स्प्रिंट चालू ठेवूनही विप लिमिट लावता येतं, आम्हीच कधी लावलं नाही.

विप (वर्क इन प्रोग्रेस, म्हणजे चालू काम) लिमिट म्हणजे एका वेळी किती कामं हातात घ्यायची त्याची मर्यादा. कानबानचं मूळ टोयोटाच्या कारखान्यात, ताइची ओनो यांच्या कामात आहे. पुढच्या टप्प्याला माल लागला की मागच्या टप्प्याकडे कार्ड जातं आणि तेवढाच माल बनतो, उगाच ढीग लागत नाही. सॉफ्टवेअरमध्ये ही कल्पना डेव्हिड अँडरसन यांनी २००४ च्या सुमाराला मायक्रोसॉफ्टच्या एका मेंटेनन्स टीमसोबत वापरली. पण बहुतेक ठिकाणी बोर्ड आणि रंगीत कार्डं तेवढी उचलली जातात आणि मर्यादा राहून जाते. आम्हीही पहिले तीन आठवडे तेच केलं, कॉलम पाडले, कार्डं लावली, आणि कामात काडीचा फरक पडला नाही.

मग आकडे घातले: डेव्हलपमेंट ६, रिव्ह्यू (दुसऱ्याने कोड तपासणं) ३, टेस्टिंग ३. चौथ्याच दिवशी रिव्ह्यूचा कॉलम भरला. एका डेव्हलपरचं काम संपलेलं, त्याला नवीन कार्ड हवं होतं, मी म्हटलं आधी अडकलेला एखादा रिव्ह्यू कर, तर तो चिडून म्हणाला की ज्यातलं मला काही कळत नाही त्याचा रिव्ह्यू मी काय करणार. आणि त्याचं बरोबर होतं! पेमेंटचा सगळा कोड एकाच सीनियरला कळायचा, त्यामुळे त्यातला प्रत्येक बदल दोन-तीन दिवस त्याच्यासाठी थांबायचा, आणि थांबलेला माणूस तोपर्यंत नवीन काम उघडून बसायचा म्हणून ही अडवणूक आम्हाला कधी दिसलीच नव्हती. लिमिटमुळे ती उघडी पडली. पुढचे दोन आठवडे दोघांना त्या सीनियरच्या शेजारी बसवलं, त्या काळात नवीन फीचर फार कमी झाली, वरून विचारणाही झाली, पण माझ्या मते या ९ महिन्यांतला सगळ्यात चांगला खर्च झालेला वेळ तोच. दुसरा फायदा अपेक्षित नव्हता. हजार-हजार ओळींचे बदल रिव्ह्यूला पाठवणं आपोआप बंद झालं, कारण मोठा बदल कॉलम अडवून बसतो आणि ते सगळ्यांना दिसतं.

मॅनेजरना पटवायला लिटलचा नियम कामी आला. जॉन लिटल यांनी १९६१ मध्ये तो सिद्ध केला, सॉफ्टवेअरसाठी नाही, कुठल्याही रांगेसाठी. सरासरी बघितली तर रांगेतली कामं भागिले रोज संपणारी कामं, म्हणजे एका कामाला लागणारा वेळ. १८ कामं चालू आणि रोज दीड संपतंय तर एका कामाला १२ दिवस. संपण्याचा वेग तोच ठेवून चालू कामं ९ केली तर ६ दिवस. कुणाला जास्त पळवायची गरजच नाही. हा हिशोब फळ्यावर मांडल्यावर "माणसं रिकामी बसतील" हा त्यांचा मुद्दा बराच मागे पडला.

आता तक्रारी. पहिली म्हणजे पळवाटा. आम्ही "ब्लॉक्ड" असा वेगळा कॉलम ठेवला होता, त्याला लिमिट नव्हतं, महिन्याभरात तिथे ११ कार्डं साचली. तो कॉलम काढला, आता अडलेलं कार्ड जागेवरच लाल खुणेने राहतं आणि मर्यादेत मोजलं जातं. अर्जंट कामांच्या लेनचंही (बोर्डवरची वेगळी आडवी ओळ) तसंच, एका वेळी एकच कार्ड हा नियम कडक नसेल तर सगळंच अर्जंट होतं.

दुसरी तक्रार तारखांची, आणि ही जास्त त्रासदायक. सुरुवातीचे तीन महिने "कधी होईल" याला माझ्याकडे धड उत्तर नव्हतं, कारण मागचा डेटाच नव्हता. आता संपलेल्या कार्डांना किती दिवस लागले ते बघून सांगते, शंभरातली ८५ कार्डं ९ दिवसांच्या आत संपतात, म्हणून नवीन कामालाही तोच शब्द देते. पॉइंटच्या वादापेक्षा हे कितीतरी बरं चालतं. पण दुसऱ्या टीमवर अवलंबून असलेल्या, ठरलेल्या तारखेच्या रिलीजला बोर्ड पुरत नाही, त्यासाठी टप्पे आणि तारखांची वेगळी टाइमलाइन ठेवावीच लागते. तसंच कुठलं काम आधी घ्यायचं हे बोर्ड सांगत नाही. ती मीटिंग आम्ही दर आठवड्याला अर्धा तास घेतोच.

सध्या डेव्हलपमेंटचं लिमिट ६ वरून ५ वर आणलंय, एक जण कायम कुणाच्या तरी सोबत बसतो. गेल्या आठवड्यात टेस्टिंगचा कॉलम पहिल्यांदाच दोन दिवस रिकामा होता, तर दोन्ही टेस्टर काम सुरू व्हायच्या आधीच्या चर्चेत येऊन बसल्या आणि एका कार्डातल्या तीन चुका कोड लिहायच्या आधीच सापडल्या. टेस्टिंगचं लिमिट २ करून बघू असं आता त्याच म्हणतायत, सोमवारपासून करतोय.