रॉडचा हीटर की ऑइल हीटर?
लष्कर भागातल्या जुन्या घरांत, दहा बाय दहाच्या खोलीत दिवाण, कपाट आणि हीटर बसवताना हा प्रश्न पडतोच.

रॉडचा स्वस्त, 400 किंवा 800 वॉटचा, लगेच ऊब देणारा. पण उष्णता सरळ समोर फेकतो. दिवाणावरून लोंबणारी रजई हाच खरा धोका. गादी, पडदा किमान 3 फूट लांब हवेत. धक्क्याने रॉड फुटतो.

ऑइलचा कित्येक पट महाग, बहुधा 2000 वॉट किंवा जास्त. 15 अँपिअरचा सॉकेट लागतो, तापायला वेळही. उघडा लाल रॉड नसला तरी 3 फूट सोडाच, वर कपडे वाळत घालू नका. कपाटाला खेटून ठेवला तर थर्मोस्टॅट (तापमानानुसार हीटर चालू-बंद करणारा भाग) हीटर लवकर बंद करतो आणि खोली गारच राहते.

अंघोळीनंतर दहा मिनिटं शेकायचं तर रॉडचा पुरे. आजी किंवा लहान मुलं तासन्‌तास खोलीत बसत असतील तर ऑइलचाच घ्या, आधी दिवाण सरकवून.