काळवंडलेली चांदी: पॉलिश की फॉइल-सोडा?

चांदीचा मुलामा दिलेल्या ट्रम्पेटवरचा हट्टी काळा थर म्हणजे सिल्व्हर सल्फाइड, चांदी आणि गंधकाचं संयुग. पॉलिश तो घासून काढतं, आणि त्याबरोबर थोडी चांदीही जातेच. मुलामा जेमतेम काही मायक्रॉनचा. बोटं टेकतात तिथे पिवळं पितळ डोकावू लागलं असेल तर पॉलिश नकोच.

ॲल्युमिनियम फॉइल, गरम पाणी आणि खायचा सोडा यांत गंधक ॲल्युमिनियमकडे जातं, चांदी जागेवरच राहते. सडक्या अंड्यासारखा वास सुटला की समजायचं, काम सुरू झालं. मात्र चांदी फॉइलला टेकलेली हवी.

मी माउथपीस आणि सुट्या स्लाइड (सरकत्या नळ्या) सोड्यातच टाकतो. अख्खं वाद्य बुडवायचं तर व्हॉल्व्ह (बोटांनी दाबायच्या कळा), फेल्टच्या चकत्या, बूच सगळं उतरवा. त्यापेक्षा अख्ख्या वाद्यावर मऊ सुती फडकं आणि हलक्या हाताने पॉलिश बरं. टूथपेस्ट? अजिबात नाही, ओरखडे पडतात.